निर्यात पतपुरवठा आणि व्याजदरांची चढाओढ

परदेशी व्यापारातील सौदे मालाच्या दर्जावर व किमतीवर ठरतात, असा सर्वसाधारण समज आहे. तथापि वीजनिर्मितीची यंत्रे, विमाने, रेल्वेचे डबे असा मोठ्या रकमेचा माल बहुधा उधारीवर विकला जातो आणि उधारीचे व्याज हा किमतीचाच एक भाग बनतो. समजा, १०० कोटी रुपयांचे कर्ज दहा समान वार्षिक हप्त्यांनी फेडावयाचे आहे. शिल्लक रकमेवर दरसाल शेकडा १४ ऐवजी १० दराने व्याज आकारले, तर खरेदीदाराचे एकूण २२ कोटी रुपये वाचतात. ही सवलत एखादे सरकार आपल्या खजिन्यातून देत असेल, तर अन्य देशातील कुशल कारखानदारही मागे पडतो आणि त्याच्या कामगारांच्या रोजगारावर गदा येते.

या चढाओढीला आवर घालण्यासाठी प्रमुख औद्योगिक राष्ट्रांनी १९७८ मध्ये एक समझोता केला. व्याजाचा किमान दर, परतफेडीची कमाल मुदत आणि किमान १५ टक्के रोख भरणा अशी बंधने त्यात घालण्यात आली. त्याच वर्षी अमेरिकेने कायद्यात दुरुस्ती करून, परकीय सरकारांच्या अशा कर्जाला देशांतर्गत विक्रीतही तोडीस तोड कर्ज देण्याची तरतूद आपल्या निर्यात-आयात बँकेसाठी केली.

या तरतुदीची कसोटी १९८२ मध्ये लागली. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेसाठी ८२५ डब्यांची मागणी कॅनडाच्या बॉम्बार्डिये कंपनीकडे गेली. कॅनडाच्या शासकीय संस्थेने देऊ केलेल्या कर्जाचा दर ९.७ टक्के, म्हणजे समझोत्यातील किमान दराहून कमी होता. प्रतिस्पर्धी बड कंपनीने तक्रार केली. मात्र सौदा केवळ कर्जामुळे ठरलेला नाही, असे सांगून अमेरिकी अर्थखात्याने तोडीचे कर्ज नाकारले. एका बाजूस कामगारांचा रोजगार आणि दुसऱ्या बाजूस करदात्यांचा पैसा, असा हा पेच होता.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. तोडीस तोड कर्ज हा कायमचा उपाय नव्हे. सवलतीच्या स्पर्धेत लाभ खरेदीदाराचा आणि भार दोन्ही देशांतील करदात्यांचा असतो. नियम मोडणाऱ्यास वाटाघाटीस आणणे, हाच या साधनाचा खरा उपयोग होय. १९८३ मध्ये समझोत्यातील दर बाजारातील दरांशी जोडण्यात आले. विकास साह्याच्या नावाखाली दिल्या जाणाऱ्या मिश्र कर्जांना तोंड देण्यासाठी अमेरिकेने १९८६ मध्ये ३० कोटी डॉलरच्या खास निधीस मान्यता दिली. पुढे १९९१ मध्ये, स्वबळावर फायद्यात चालू शकणाऱ्या प्रकल्पांना असे साह्य देण्यावर समझोत्यातील राष्ट्रांनी निर्बंध घातले.

भारत या समझोत्यात सहभागी नाही. तरीही परदेशी निविदा भरणाऱ्या आपल्या उद्योजकांना याच स्पर्धेस सामोरे जावे लागते. त्यांना पतपुरवठा करण्यासाठी १९८२ पासून भारतीय निर्यात-आयात बँक कार्यरत आहे. निविदा भरताना मालाच्या किमतीइतकाच कर्जाच्या अटींचाही विचार करणे उद्योजकांच्या हिताचे ठरेल.