बारीक टायरचा तोरा

मुलगा कॉलेजात जाऊ लागला की घरात नव्या सायकलीचा विषय निघतो. दुकानात पाऊल टाकताच चिरंजीवांची नजर खिळते ती बोटभर जाडीच्या टायरवर. टायर जितका बारीक तितकी सायकल वेगवान, हे त्याने पक्के धरलेले असते. वडिलांना आठवते दूधवाल्याची काळी सायकल. तिचे टायर २८ बाय दीड इंची, म्हणजे सुमारे ४० मिलिमीटर रुंद. जड खरी, पण पाठीची तक्रार नसे. मग वेग की आराम, असा वाद रंगतो.

हवेच्या टायरचा जन्मच मुळी आरामासाठी झाला. बेलफास्टचे गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीला हादरे बसू नयेत म्हणून तो बनवला. पेटंट १८८८ चे. भरीव रबराच्या त्या जमान्यात या फुगीर चाकांना लोक हसले. मे १८८९ मध्ये विली ह्यूमने तेच टायर लावून बेलफास्टच्या शर्यती जिंकल्या आणि हसू मावळले!

कारण साधे आहे. जमिनीला टेकताना टायर चेपतो, त्यात शक्ती खर्च होते. हवेचा दाब सारखाच असेल तर रुंद टायरचा टेकणारा भाग लांबीला आखूड राहतो, चेपणे कमी होते. शिवाय दगडासारखा कडक टायर प्रत्येक खडीवर सायकलीसकट आपल्याला उचलतो. त्या उचलण्याची किंमत आपल्या मांड्याच मोजतात. आरशासारख्या गुळगुळीत धावपट्टीवर बारीक, कडक टायर शोभतो, वाराही कमी अडवतो. पण तशी धावपट्टी आपल्या गल्लीत कुठून आणायची? १९९० च्या दशकात शर्यतीत २३ मिलिमीटरची चलती होती. आज टूर द फ्रान्समध्ये २८ सर्रास दिसतात, पॅरिस-रूबेच्या दगडी वाटांवर ३० च्या वर. (हे २८ रुंदीचे, दूधवाल्याचे २८ हे चाकाच्या व्यासाचे इंच. दुकानात गोंधळ नको.)

रोजच्या शहरी रस्त्यांना माझे मत ३२ ते ४० च्या बाजूने. मात्र चिमट्यात आणि मडगार्डखाली जागा आहे ना, हे आधी पाहा. टायरवर छापलेला हवेचा आकडा ही कमाल मर्यादा. तिथवर भरलेच पाहिजे असे नाही. फार कमी ठेवलीत तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिममध्ये चिमटून फाटते. मागच्या चाकावर भार जास्त, तिथे हवा थोडी अधिक भरावी.