मुक्तानं निबंध लिहिला!

मुलांनो, आमच्या भंडाऱ्याकडे निबंध म्हटलं की 'गाय' नाहीतर 'वैनगंगा'! तुमच्याकडेही तेच ना? पण पुण्यात जोतिराव-सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवेनं काय लिहिलं, ठाऊक आहे? वय जेमतेम १४, शिक्षण अवघं ३ वर्षांचं. विषय मात्र आपल्याच लोकांच्या, मांग-महारांच्या दुःखाचा. आमच्या बायका बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्पर नसतं, थंडीपावसात त्यांचे हाल होतात, हे तिनं लिहिलं. वेद वाचायची आम्हाला बंदी, मग आमचा धर्म कोणता, असं थेट देवालाच विचारलं! केवढं हे धाडस! १८५५ साली 'ज्ञानोदय'नं तो निबंध छापला आणि वस्तीतलं दुःख दूरदूरच्या वाचकांच्या हाती पडलं.