छत्रीसैनिकांच्या इजा
हवाई छत्रीच्या साहाय्याने विमानातून उतरणाऱ्या सैनिकास विमान सोडल्यापासून जमिनीवर स्थिरावेपर्यंत होणाऱ्या दुखापतींचा यात समावेश होतो. क्रीडा म्हणून घेतल्या जाणाऱ्या उडीहून सैनिकी उडी मुळातच भिन्न असते. शत्रूच्या माऱ्यात कमीत कमी वेळ राहावे म्हणून ती सामान्यतः सु. २५० ते ४०० मी. उंचीवरून, एकामागून एक झपाट्याने, पुष्कळदा रात्री आणि शस्त्रे व सामान अंगावर बांधून घ्यावी लागते. गोल छत्रीस दिशा देण्याची क्षमताही अल्प असते. त्यामुळे उतरण्याची नेमकी जागा निवडण्याची मुभा सैनिकास जवळजवळ नसते.

छत्री सैनिकाने स्वतः उघडावयाची नसते. विमानातील तारेला अडकविलेला ‘स्टॅटिक लाइन’ हा पट्टा ती ओढून उघडतो. तो दंडाभोवती गुंडाळला गेल्यास बसणाऱ्या हिसक्याने कातडी शाबूत राहूनही आतील द्विशिरस्क स्नायू तुटू शकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैनिक व्हिटली विमानाच्या तळातील भोकातून उडी घेत. समोरच्या कडेवर तोंड आपटून जखमी होण्याचा प्रकार त्यांच्यात इतका नित्याचा होता, की त्याला थट्टेची नावेही पडली होती. बाजूच्या दारातून उडी घेता येईल अशी विमाने मिळाल्यावर तो संपला. कितीही सूचना देऊन तो संपला नसता. हवेत असताना एक छत्री दुसरीच्या बरोबर वर आल्यास वरच्या छत्रीस पुरेशी हवा न मिळून ती मिटते, हाही मोठा धोका होय.

तथापि बहुसंख्य इजा जमिनीवर टेकतानाच होतात. अमेरिकी सेनेच्या टी-१० या गोल छत्रीखाली सैनिक सेकंदास सु. ७ मी. वेगाने खाली येतो. हा आघात अडीच मीटर उंचीवरून उडी मारल्यासारखा असतो. वाऱ्याचा वेग सेकंदास ६ ते ७ मी. असल्यास तितकाच आडवा वेग त्यात मिळतो. म्हणून सरावासाठी अमेरिकी सेनेत वाऱ्याची मर्यादा ताशी सु. २४ किमी. ठेवलेली आहे. घोट्याची मुरगळ व अस्थिभंग सर्वांत अधिक आढळतात. त्यांखेरीज गुडघा, पाठीचा कणा व डोके यांनाही मार बसतो. टेकल्यावर छत्री वाऱ्याने फुगलेली राहिल्यास सैनिक फरफटत जातो.

आघात एकाच सांध्यावर न पडता शरीरभर विभागला जावा, हे प्रतिबंधाचे मूलतत्त्व आहे. जर्मन छत्रीचे पट्टे पाठीवर एकाच ठिकाणी जोडलेले असल्याने सैनिक पुढे झुकून हातागुडघ्यांवर उतरे व त्यासाठी त्याला गुडघ्या-कोपरांवर गाद्या बांधाव्या लागत. याउलट मँचेस्टरजवळील रिंगवे येथे १९४० पासून चाललेल्या ब्रिटिश प्रशिक्षणात पाय व गुडघे जुळवून चवडे, पोटरी, मांडी, नितंब व पाठीची बाजू या क्रमाने लोळण घेण्याची पद्धती विकसित झाली. तीच पुढे बहुतेक सैन्यांनी स्वीकारली.

बुटावरून बांधावयाच्या घोट्याच्या आधारपट्टीचा इतिहास उद्‌बोधक आहे. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी चाचणीत ७४५ प्रशिक्षणार्थींपैकी पट्टी न बांधणाऱ्यांत १.९ टक्के, तर बांधणाऱ्यांत ०.३ टक्के जणांचा घोटा आत वळून मुरगळला. असे असूनही खर्च आणि पट्टीमुळे अन्य इजा वाढतात हा ऐकीव समज यांमुळे २००० मध्ये तेथील प्रशिक्षण विद्यालयात तिचा वापर थांबविण्यात आला. घोट्याच्या इजा पुन्हा वाढल्यावर तो काही वर्षांनी सुरू करावा लागला. टी-१० च्या जागी आलेल्या टी-११ छत्रीचा वेग सेकंदास सु. ५.८ मी. आहे. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्याने तेवढ्याच वजनास आघाताची ऊर्जा सु. ३० टक्क्यांनी घटते.

भारतात या क्षेत्राचा वैद्यकाशी संबंध आरंभापासूनचा आहे. १९४१ मध्ये उडी घेणारे पहिले भारतीय अधिकारी ए. जी. रंगराज हे डॉक्टर होते. मार्च १९५१ मध्ये कोरियातील मुनसान येथे अमेरिकी छत्रीसैनिकांबरोबर उतरलेल्या भारतीय वैद्यकीय तुकडीतही ते होते. आग्रा येथील छत्रीसैनिक प्रशिक्षण विद्यालयात उडीपूर्वी जमिनीवर लोळण घेण्याचा सराव करून घेतात. भारतीय परिस्थितीत उन्हाळा व उंची यांचा विचार विशेष आवश्यक ठरतो, कारण विरळ हवेत छत्री अधिक वेगाने उतरते. लेहच्या उंचीवर (सु. ३,५०० मी.) हवेची घनता समुद्रसपाटीच्या सु. ७० टक्के असल्याने तीच छत्री व तेवढेच वजन असताना उतरण्याचा वेग जवळजवळ एकपंचमांशाने आणि आघाताची ऊर्जा सु. ४० टक्क्यांनी वाढते.