आजोबांची खुर्ची आणि त्यांचे गुडघे

वर्धा, आर्वी, हिंगणघाट येथील जुन्या घरांत एक खुर्ची हमखास आढळते. चौकट सागवानाची, हात रुंद, बैठक आणि पाठ वेताची. पन्नास-साठच्या दशकांत गावच्याच सुताराने ती घडवलेली असते. तिच्या लाकडाला व्यापारी अजूनही जुन्या मध्यप्रांताच्या आठवणीने ‘सी. पी. टीक’ म्हणतात. आता बैठकीची झोळी झाली आहे. वर उशी टाकून घरातील ज्येष्ठ तीतच बसतात आणि उठताना कोणाचा तरी हात मागतात. आपण म्हणतो, वय झाले. वाचकहो, त्यात दोष वयाचा किती आणि खुर्चीचा किती, हे आधी पाहावे.

बैठक खाली गेली की कंबर गुडघ्यांपेक्षा खालच्या पातळीवर येते. अशा स्थितीतून उठताना मांडीच्या स्नायूंना आणि गुडघ्यांना कितीतरी अधिक जोर लावावा लागतो, आणि तोल जाण्याचा क्षण नेमका तोच असतो. चौकटीची पुढची कड मांडीखाली रुतते, पाय बधिर होतात, ते निराळेच. म्हणून दुरुस्तीचा आरंभ मोजपट्टीने करावा. बसणाऱ्याचे पाऊल जमिनीवर सपाट ठेवून जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंतची उंची घ्यावी. बैठक, माणूस बसलेला असताना, तेवढी तरी असावी. गुडघे दुखत असतील तर चार-पाच सेंटिमीटर अधिक. बैठकीची कड आणि ती खळगी यांत दोन-तीन बोटे मोकळी राहावीत.

खुर्चीवर जुना ऑइलपेंट असेल तर सावध राहा. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वीच्या थरांत शिसे किती असेल, हे डोळ्यांना कळत नाही. कोरडा पॉलिश पेपर घासला की त्याची धूळ घरभर पसरते आणि रांगत्या बाळाच्या हातातून तोंडात जाते. शिसे वाढत्या मेंदूला अपाय करते. रंग ओला करूनच, पाण्यात चालणाऱ्या पेपरने, अंगणात घासावा. तोंडावर धूळ अडवणारा मास्क असावा. लेकरे आणि गरोदर स्त्रिया यांना त्या दिवशी दूर ठेवावे, निघालेला लगदा कागदात गुंडाळून टाकावा आणि कामाचे कपडे वेगळे धुवावेत.

जुने सांधे बहुधा सरसाने जोडलेले असतात. ढेकणांसाठी सांध्यांत उकळते पाणी ओतण्याची रीत आहे. तिने ढेकूण मरतात, पण सरसही सुटतो. तेव्हा सांधे नव्याने बसवायचे असतील तरच ती करावी. सुटलेला सांधा कोरडा करून, जुना सरस खरवडून, फेविकॉल लावावा आणि दोरीने आवळून रात्रभर ठेवावा. हातांचे सांधे विशेष पाहावेत, कारण उठताना सगळा भार त्यांवर पडतो.

लाकडाला जवसाचे तेल शोभते. मात्र ते वाळताना हवेशी संयोग होऊन उष्णता निर्माण होते. तेलाने भिजलेला बोळा कोपऱ्यात टाकला, तर ती आतच कोंडून तो आपोआप पेट घेऊ शकतो. वर्ध्याच्या मे महिन्यात ही गोष्ट मुळीच विसरू नये. चिंध्या मोकळ्या जागी पसरून वाळवाव्यात किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवाव्यात.

आता विणकाम, म्हणजे या कामातला खरा आनंद. वेत वीस-तीस मिनिटे पाण्यात भिजवावा आणि गुळगुळीत बाजू वर ठेवून ओवावा. प्रथम उभे, त्यावर आडवे, पुन्हा उभे, मग गुंफत आडवे आणि शेवटी दोन तिरप्या फेऱ्या. छिद्रात वेत अडकवायला बांबूच्या खुंट्या पुरतात. ओला वेत वाळताना आपोआप ताणला जातो, म्हणून विणताना फार ओढू नये. मी एकदा भर उन्हाळ्यात वेत नीट न भिजवता बसलो आणि निम्मा तडकवला. पावसाळा या कामाला उत्तम. वर्ध्यात १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेने हस्तोद्योगाला शिक्षणाच्या केंद्रस्थानी ठेवले होते. मुलांना खुंट्या धरायला बसवले, की त्याचा अर्थ भाषणाविना कळतो. वेत तुटलेला नसून नुसता सैल असेल, तर खालच्या बाजूने गरम पाण्याचे ओले फडके ठेवून रात्रभर वाळू द्यावा. पुष्कळदा तेवढ्यानेच तो ताठ होतो. वेत न मिळाल्यास खाटेची सुती नवार चौकटीवर आवळून विणावी. वर पिंजलेल्या कापसाची घट्ट गादी घालावी. कापूस तर आपल्याच जिल्ह्याचा.

याच काळात पिअर जेनरे यांच्या देखरेखीखाली चंदीगडच्या कचेऱ्यांसाठी बनलेल्या सागवान-वेताच्या खुर्च्या परदेशी लिलावांत लाखो रुपयांना विकल्या जातात. आपली खुर्ची तितकी नामांकित नाही, एवढेच.

विणलेली बैठक दोन दिवस वाळू द्यावी. मग आजोबांना बसवून उंची पुन्हा मोजावी, कारण कापूस दबतो. कमी भरली तर चारही पायांखाली सारख्या जाडीचे लाकडी ठोकळे स्क्रूने पक्के बसवावेत, आणि कोणाचाही हात न धरता त्यांना तीनदा उठून बसायला सांगावे.