भगंदर आणि क्षारसूत्र : ग्रंथांतील वचन व रुग्णालयांतील परीक्षा

देवगिरीच्या यादवांच्या पदरीं असलेल्या हेमाद्रीचें नांव निघालें कीं 'चतुर्वर्गचिंतामणि' हा त्याचा अवाढव्य धर्मनिबंध प्रथम आठवतो. महादेव (१२६१–१२७१) व रामचंद्र (१२७१–१३११) या दोन राजांच्या कारकीर्दींत अधिकारपद भूषविलेल्या या पुरुषानें वाग्भटाच्या अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' नांवाची टीका लिहिली, ही गोष्ट वैद्यमंडळीबाहेर फारशी बोलली जात नाहीं. त्याचा आश्रित बोपदेव हा केशव वैद्याचा पुत्र. त्याच दरबाराशीं संबंध असलेल्या शार्ङ्गदेवानें 'संगीतरत्नाकरा'सारख्या संगीताच्या ग्रंथांतही गर्भोत्पत्ति व शरीररचना यांवर एक सबंध प्रकरण घातलें आहे. तात्पर्य, औरंगाबादेपासून (आतांच्या छत्रपति संभाजीनगरापासून) पांचएक कोसांवरील त्या किल्ल्याच्या छायेंत वैद्यकाचें अध्ययन चांगलें जोमांत होतें.

हेमाद्रीची टीका आज सूत्रस्थान व कल्पस्थान यांवर पूर्ण आणि इतरत्र तुटक मिळते; उत्तरस्थानावर ती उपलब्ध नाहीं. भगंदराचा अध्याय मात्र नेमका उत्तरस्थानांत, अठ्ठाविसावा. म्हणून या रोगाच्या उपचाराचा माग काढावयाचा तर मूळ ग्रंथांकडेच वळलें पाहिजे. तसें वळण्यास एक कारणही घडलें आहे. भगंदरावरील क्षारसूत्राविषयीं हल्लीं, 'सुश्रुतानें सांगितलें आणि आधुनिक परीक्षणानें सिद्ध झालें,' असें एका दमांत बोलण्याचा प्रघात पडला आहे. या एका वाक्यांत निरनिराळ्या काळांच्या गोष्टी एकत्र कालविल्या गेल्या आहेत. त्या वेगळ्या करून दाखविणें एवढाच या लेखाचा हेतु.

प्रथम रोगाचें स्वरूप. गुदद्वाराच्या आंतील बाजूस, दोन वर्तुळाकार स्नायूंच्या मध्यें, बारीक ग्रंथि असतात. त्यांपैकीं एखादी दूषित होऊन पिकते, पू वाट शोधीत बाहेरच्या त्वचेपाशीं फुटतो, आणि आंतील तोंड व बाहेरील तोंड यांना जोडणारी एक नळी कायमची उरते. गळूं बसलें असें वाटतें, पुन्हा फुगतें, पुन्हा वाहतें. सुश्रुतानें हा भेद अचूक टिपला आहे : फुटण्यापूर्वीं ती केवळ पिडका, पिकून फुटली म्हणजे भगंदर. वातव्याधि, प्रमेह, कुष्ठ, अर्श इत्यादि आठ महारोगांत त्यानें याची गणना केली आहे, तें उगीच नव्हे. शतपोनक, उष्ट्रग्रीव, परिस्रावी, शंबूकावर्त व उन्मार्गी असे त्याचे पांच प्रकार. वाग्भट आणखी तीन धरून आठ मानतो. नांवें मोठीं चित्रमय आहेत. शतपोनक म्हणजे चाळणीसारखा अनेक छिद्रांचा, शंबूकावर्त म्हणजे शंखाच्या वेढ्यांप्रमाणें वळसे घेत गेलेला. लंडनच्या सेंट मार्क रुग्णालयांतील पार्क्स व त्याचे सहकारी यांनीं १९७६ सालीं ४०० रोग्यांवरून जें वर्गीकरण प्रसिद्ध केलें, तें नळी स्नायूंना कोठें छेदून जाते यावर आधारलेलें आहे. सुश्रुताचें वर्गीकरण दोषांवर व रूपावर उभें आहे. दोहोंचा मेळ घालूं पाहणें म्हणजे दोघांवरही अन्याय होय.

आतां उपचार. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानांतील आठवा अध्याय भगंदराचा. तो वाचणारास पहिली गोष्ट दिसते ती ही कीं, तेथें मुख्य उपाय शस्त्र हाच आहे. एषणीनें मार्गाचा शोध घ्यावा, तोंड आंत आहे कीं बाहेर हें पाहावें, आणि छेद द्यावा. छेदांच्या आकृतींचीं लांगलक, अर्धलांगलक, सर्वतोभद्रक, गोतीर्थक अशीं नांवेंही दिलीं आहेत. नंतर अग्नीनें किंवा क्षारानें दाह. क्षारसूत्राचें वर्णन येतें तें पुढें सतराव्या अध्यायांत, नाडीव्रणाच्या प्रसंगानें. रोगी कृश, दुर्बल वा भित्रा असेल, अथवा नाडी मर्माच्या ठिकाणीं असेल, तर तेथें शस्त्र चालवूं नये, क्षारसूत्रानें छेद करावा, असा त्याचा आशय आहे. एषणीनें नाडीची गति जाणून सुईनें सूत्र ओंवावें, दुसऱ्या बाजूनें काढून दोन्ही टोंकें घट्ट बांधावीं, क्षाराचा जोर कमी पडला तर दुसरें सूत्र घालावें, असें मार्ग कापला जाईपर्यंत करावें. आणि जाणत्या वैद्यानें भगंदरांतही हाच विधि करावा. वाग्भटही नाडीव्रणांत क्षार मुरविलेल्या सूत्राचा उल्लेख करतो.

म्हणजे सुश्रुताच्या मतें सूत्र हा सर्वांसाठीं सांगितलेला पहिला उपाय नव्हे. विशिष्ट रोग्याकरितां सांगितलेला तो पर्याय आहे. 'मर्म' या शब्दावर येथें थोडें थांबलें पाहिजे. गुदद्वाराभोंवतींचे स्नायू एका घावानें तुटले तर मळ रोखण्याची शक्ति जाते, आणि रोगी मूळ रोगाहून वाईट दशेस पोंचतो. सूत्र हळूहळू कापतें. पुढें कापलें जात असतां मागें व्रण भरून येतो, त्यामुळें स्नायूंचीं टोंकें एकमेकांपासून फांकत नाहींत. मर्म वांचवावें हें तत्त्व जुन्यांनीं ओळखलें होतें, हें मान्य केलें पाहिजे.

परंतु तें सूत्र कशाचें व कसें करावें, हें सुश्रुत त्या ठिकाणीं सांगत नाहीं. कृति सांपडते ती अकराव्या शतकांतील बंगालच्या चक्रपाणिदत्ताच्या चिकित्सासंग्रहांत, आणि तीही मोठी संक्षिप्त : निवडुंगाच्या चिकांत व हळदीच्या चूर्णांत सूत्र वारंवार भिजवावें. आघाड्याच्या क्षाराचें नांव तेथें नाहीं.

आज रुग्णालयांत वापरलें जाणारें सूत्र तिसऱ्याच काळचें आहे. काशी हिंदु विश्वविद्यालयांत १९६० नंतरच्या दशकांत प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांचे सहकारी यांनीं हा उपचार पुन्हा हातीं घेतला. तेथें ठरलेली कृति अशी : तागाच्या, म्हणजे लिननच्या, वीस नंबरच्या दोऱ्यावर निवडुंगाच्या चिकाचे ११ लेप, मग चीक व आघाड्याचा क्षार यांचे ७, शेवटीं चीक व हळद यांचे ३, एकूण २१. प्रत्येक लेप वाळल्यावांचून पुढचा नाहीं. गणेशचतुर्थीच्या पत्रींत आपण जो आघाडा वाहतों, तोच जाळून त्याच्या राखेपासून हा क्षार काढतात. सूत्र दर आठवड्यास बदलावयाचें. नवें जुन्यास बांधून ओढून घ्यावयाचें, म्हणजे पुन्हा सुई घालावी लागत नाहीं. एक सेंटिमीटर मार्ग कापला जाण्यास किती दिवस लागतात, हें मोजण्याची पद्धतिही या संशोधनांत रूढ झाली. हें मोजमाप मला विशेष महत्त्वाचें वाटतें. कारण मोजल्याशिवाय तुलना नाहीं, आणि तुलनेशिवाय 'गुण आला' या बोलण्याला अर्थ नाहीं. देशपांडे व शर्मा यांनीं २०० रोग्यांचा वृत्तांत १९७३ सालीं एका अमेरिकन नियतकालिकांत प्रसिद्ध केला.

तथापि एकाच ठिकाणच्या, एकाच पद्धतीनें बऱ्या झालेल्या रोग्यांची यादी म्हणजे परीक्षा नव्हे. खरी परीक्षा भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनें केली व तिचा निष्कर्ष १९९१ सालीं प्रसिद्ध झाला. अनेक केंद्रांतील रोग्यांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें वांटणी करून एका गटास क्षारसूत्र व दुसऱ्यास नेहमींची शस्त्रक्रिया दिली. उपचार पूर्ण केलेले रोगी २६५. सूत्राचे १५५, शस्त्राचे ११०. आरंभींच्या फलांत लक्षणीय भेद आढळला नाहीं. पुढें रोग उलटला तो सूत्राच्या गटांत शेंकडा ४, शस्त्राच्या गटांत शेंकडा ११. उलटपक्षीं व्रण भरण्यास सूत्रानें ८ आठवडे लागले, शस्त्रानें ४.

या आंकड्यांचा अर्थ दोन्ही बाजूंच्या लोकांनीं नीट लावलेला नाहीं. सूत्राचे अभिमानी शेंकडा ४ सांगतात आणि ८ आठवडे गाळतात. दर आठवड्यास रुग्णालयाची खेप, सूत्र बदलतांनाची आग, दोन महिने दोरा बाळगून वावरणें, हें वैजापूर-कन्नडकडून येणाऱ्या शेतमजुरास लहान ओझें नव्हे. पण तो खाटेवर न पडतां चालता-फिरता राहतो, हेंही खरें. टीकाकार सगळ्याची संभावना जुनाट समजूत म्हणून करतात, आणि चिठ्ठ्या टाकून झालेली तुलना वाचीत नाहींत. शिवाय परीक्षा झाली ती काशीच्या परंपरेंतील सूत्राची, सुश्रुताच्या वचनाची नव्हे. वचन परीक्षेला बसत नसतें. ठरलेल्या रीतीनें केलेली वस्तु बसते. कोणी घरीं चार लेपांचें सूत्र करून त्यास तोच आंकडा लावील तर ती फसवणूक होईल. क्षयरोगानें किंवा आंतड्याच्या क्रोन नांवाच्या विकारानें झालेल्या भगंदरांत मूळ रोग तसाच ठेवून नुसता दोरा बांधणेंही व्यर्थ आहे.

पश्चिमेकडेही हा रोग शस्त्रवैद्यांस सतावीत आला आहे. हिपोक्रेटिसाच्या नांवानें चालणाऱ्या ग्रीक ग्रंथांत घोड्याच्या केसासह पिळलेल्या दोऱ्याचा प्रयोग आहे. त्यावर क्षार मात्र नाहीं. औरंगजेबानें विजापूर घेतलें त्याच वर्षीं, १८ नोव्हेंबर १६८६ रोजीं, फ्रान्सच्या चौदाव्या लुईच्या भगंदरावर फेलिक्स नांवाच्या शस्त्रवैद्यानें शस्त्र चालविलें. राजाच्या अंगास हात लावण्यापूर्वीं त्यानें कित्येक महिने इतर रोग्यांवर सराव केला होता! त्या रोग्यांचा वृत्तांत कोणी लिहिला नाहीं. आजची रीत निराळी आहे. क्रोनच्या विकारांतील भगंदरावर चरबीपासून काढलेल्या पेशी टोंचण्याच्या उपचाराची परीक्षा २१२ रोग्यांवर झाली. २०१६ सालच्या वृत्तांतांत पेशींच्या गटांत शेंकडा ५० व दुसऱ्या गटांत शेंकडा ३४ बरे झाल्याचें दिसलें. मान्यता मिळाली, किंमतही भारी ठरली. पुढें दुसऱ्या मोठ्या परीक्षेंत तो लाभ आढळेना, आणि २०२४ च्या अखेरीस तें औषध युरोपच्या बाजारांतून काढून घेतलें गेलें. एका परीक्षेवर कायमचा निर्णय ठरत नाहीं, हें १९९१ च्या आंकड्यांसही लागू आहे.

नोव्हेंबर २०२० मध्यें शल्यतंत्राच्या आयुर्वेदीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ३९ शस्त्रकर्में शिकविण्याविषयीं अधिसूचना निघाली, व ११ डिसेंबरास आधुनिक वैद्यांच्या संघटनेनें देशव्यापी संप केला. त्या वादांत दोन्हीकडून सुश्रुताचें नांव पुष्कळदां घेतलें गेलें, परंतु सतराव्या अध्यायांतील कृश, दुर्बल व भित्रा हे तीन शब्द कोणी उच्चारल्याचें माझ्या वाचनांत आलें नाहीं.

चक्रपाणिदत्तापासून काशीपर्यंत सुमारें नऊशें वर्षांचें अंतर आहे. या अवधींत महाराष्ट्रांतील वैद्य हें सूत्र करीत होते काय, व करीत असल्यास कोणत्या द्रव्यांचें, याचा पुरावा छापील ग्रंथांपेक्षां घरोघरच्या बाडांत मिळण्याचा संभव अधिक. पैठण, दौलताबाद, वेरूळ या बाजूच्या वैद्य घराण्यांतून मोडी किंवा बाळबोध लिपींतील औषधांच्या याद्या अद्याप असतील. ज्यांच्यापाशीं अशीं बाडें आहेत त्यांनीं 'भगंदर', 'नासूर', 'निवडुंगाचा चीक' व 'दोरा' हे शब्द असलेलीं पानें नकलून मंडळाकडे पाठवावीं. मूळ पानें फाटलेलीं असलीं तरी चालतील. मात्र नकलेंत शब्द सुधारूं नयेत.