अवधाण कशासाठी येतं?

लहानपणी पायात काटा मोडून चिघळला, की जांघेत अवधाण यायचं. आजी शेक द्यायची आणि 'उतरेल हो' म्हणायची. तुमच्याही घरी हेच होत असणार. ते अवधाण म्हणजे पांढऱ्या पेशींची छावणी. तिथं त्या शत्रूची ओळख पटवून घेतात आणि मगच लढायला निघतात. बी.ए. होऊनही मला हे ठाऊक नव्हतं! गेल्या वर्षी मामींच्या आजारात डॉक्टरांनी सांगितलं.

मामींना कावीळ झाली. दुखत काहीच नव्हतं, म्हणून आम्ही शहाण्यांनी तीन आठवडे माळ आणि झाडपाल्यात घालवले. निघाला स्वादुपिंडाचा कॅन्सर. 2019 साली मनोहर पर्रीकर गेले तो हाच. तेव्हा मैत्रिणींनो, पन्नाशीपुढच्या माणसाला न दुखता कावीळ झाली, उगाच वजन उतरू लागलं किंवा अचानक साखर वाढली, तर आधी डॉक्टर गाठा. माळ राहू द्या.

इम्युनोथेरपीचं नाव ऐकून मामेभाऊ प्लॉट विकायला निघाला. आपल्याच पेशींचे लगाम सैल करणारी ही औषधं. त्यामागच्या शोधाला 2018 चं नोबेल मिळालं. पण या गाठीभोवती चिवट तंतूंचा असा गराडा असतो, की पेशी आत शिरतच नाहीत. शंभरात एखाद्याच रोग्याच्या गाठीत विशिष्ट जनुकीय दोष असतो, त्याला गुण येऊ शकतो. "आधी ती तपासणी करा, मग प्लॉटचं बघा," डॉक्टर म्हणाले. तपासणीत दोष निघाला नाही. प्लॉट राहिला.

तरी सगळा अंधार नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉक्टरांनी 39 रोग्यांना शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी लस टोचली. काढलेल्या गाठी पाहिल्या, तर 33 जणांच्या गाठींत इवल्या इवल्या छावण्या! जणू गाठीच्या पोटातच अवधाण. हे 2014 साली प्रसिद्ध झालं. पुढे न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंगमध्ये 16 जणांना शस्त्रक्रियेनंतर इतर औषधांच्या जोडीला लस दिली, ज्याच्या त्याच्या गाठीवरून बेतलेली, शिंप्यानं मापं घ्यावीत तशी. आठजणांच्या पेशी जाग्या झाल्या. तीन वर्षांनंतरही त्यांतल्या सहाजणांचा रोग उलटला नव्हता. प्रयोग लहान आहे आणि लस बाजारात आलेली नाही, हेही सांगायला हवं.

मामी केमो घेताहेत. हे सगळं वाचून दाखवलं, तर म्हणाल्या, "माझ्या गाठीत असतील का गं अशा छावण्या?" त्यांची गाठ काढण्याजोगी नव्हती आणि सुईनं घेतलेल्या तुकड्यात ते कळणं कठीण. मी तसंच सांगितलं.