पाच मिनिटांची तिजोरी

अमेरिकेत बंदुकीसाठी म्हणून जी पुरुषभर उंचीची, जाड दाराची, जहाजाच्या चाकासारखी मूठ असलेली तिजोरी विकतात, तिच्या दाराच्या आत बहुधा एक छोटी धातूची पट्टी असते. तिच्यावर अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे 'यूएल' या १८९४ साली शिकागोत सुरू झालेल्या चाचणीसंस्थेचं नाव आणि 'रेसिडेन्शियल सिक्युरिटी कंटेनर' हे शब्द असतात. विक्रेता ती पट्टी कौतुकानं दाखवतो. तिच्या पहिल्या पातळीचा अर्थ तो सहसा सांगत नाही. हातोडी, स्क्रूड्रायव्हर, अठरा इंचांपर्यंतची पहार असली हातानं चालवायची हत्यारं घेऊन एका माणसानं पाच मिनिटं झटापट केली आणि दार उघडलं नाही, एवढंच ती पट्टी सांगते.

पाच मिनिटं. बस्स. गॅरेजमध्ये निवांत बसलेल्या चोराला पहार अठरा इंचांचीच वापर असं सांगायला तिथं कोणी नसतं.

यात फसवणूक नाही. तिजोरीचं बळ मिनिटांतच मोजतात. सराफाच्या दर्जाच्या तिजोरीवर 'टीएल-१५' किंवा 'टीएल-३०' लिहिलेलं असतं, आणि तिथं परीक्षकांच्या हाती ड्रिल आणि कापणारी यंत्रंही असतात. तिजोरीचे आराखडे त्यांनी आधीच पाहिलेले असतात. शिवाय घड्याळ चालतं ते हत्यार प्रत्यक्ष पोलादाला लागलेलं असेल तेवढाच वेळ. दम खायला थांबले की घड्याळही थांबतं. म्हणून तिथली पंधरा मिनिटं चोराच्या तासाभराला भारी पडू शकतात. अशी तिजोरी घरगुती बंदुकीसाठी क्वचितच कोणी घेतं. ती महाग असते, आणि वजन असं की लाकडी फळ्यांच्या वरच्या मजल्यावर ठेवायची म्हटलं तर आधी इंजिनिअरला विचारावं लागेल.

मग मधल्या किमतीत पाहायचं काय? पत्रा. जाहिरातीतल्या फोटोत दाराच्या कडेनं चकचकीत बोल्टची रांग दिसते आणि नजर तिथंच अडकते. दहा बोल्ट असले आणि ते ज्या चौकटीत अडकतात ती चौकटच वाकली, तर दहाही बोल्ट एकदम सुटतात. पत्र्याची जाडी अमेरिकेत 'गेज'मध्ये सांगतात, आणि हा आकडा उलटा चालतो: १४ गेज म्हणजे सुमारे १.९ मिलिमीटर, १२ गेज म्हणजे सुमारे २.७. फरक मिलिमीटरभरसुद्धा नाही. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे १२ गेजचा पत्रा १४ गेजपेक्षा जवळपास पावणेतीन पट ताठ असतो. कॅलिफोर्नियाच्या नियमांत एकेरी भिंतीच्या तिजोरीसाठी किमान १२ गेज आणि अर्धा इंच जाडीचे किमान तीन बोल्ट मागितले आहेत. चौकशी करताना विचारायचं ते अंगाच्या पत्र्याबद्दल. दार जाड असतंच. बाहेर दिसणाऱ्या बिजागऱ्यांना मात्र लोक उगाच घाबरतात. त्या बाजूलाही आतून बोल्ट किंवा पट्टी असेल, तर बिजागरी कापूनही दार जागेवरच राहतं.

पहारीचं गणित एकदा करून पाहावं. दीड मीटरची पहार, टेकू टोकापासून तीन सेंटिमीटरवर. साठ किलोचा माणूस दुसऱ्या टोकावर लोंबकळला की फटीत सुमारे तीन टन जोर लागतो. चहाच्या चमच्याच्या दांड्यानं डालड्याचा डबा उघडावा तसं ते दार उघडतं. हा जोर पुरता लावायचा तर तिजोरी आधी पाठीवर पाडावी लागते, म्हणजे वर चढून दाबता येतं. म्हणूनच ती जमिनीला बोल्टनं जखडायची आणि कोपऱ्यात ठेवायची. कोपऱ्यात पहार फिरवायला जागा उरत नाही. 'दोनशे किलोची आहे, कोण उचलणार' हा भरवसा फोल आहे. फ्रीज चढवणारी हमालांची जोडी रोज असली ओझी हलवते. बोल्ट काँक्रीटमध्ये घट्ट बसतो, कोकणातल्या जांभ्याच्या भिंतीत तेवढा नाही, कारण तो दगड सच्छिद्र.

बॅटरीवर चालणारा ग्राइंडर हा वेगळा शत्रू. साधा पत्रा त्याच्या पातळ चकतीपुढे फार टिकत नाही. तिथं तुमच्या बाजूनं बोलतात ते ठिणग्या, आवाज आणि शेजारी.

आता आग. इथं रसायनशास्त्र मजेदार आहे. दाराच्या आणि भिंतींच्या आत बहुधा जिप्समचे थर असतात, आपल्या फॉल्स सीलिंगमध्ये असतात तसेच. जिप्समच्या स्फटिकात वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी बांधलेलं असतं. दीड मीटर उंचीच्या तिजोरीला दोन थर लावले तर त्या कोरड्या दिसणाऱ्या भिंतींत बारा-तेरा लिटर पाणी दडलेलं असतं. आगीत ते सुटतं आणि त्याची वाफ होते. एक लिटर उकळत्या पाण्याची वाफ करायला सुमारे २२६० किलोज्यूल उष्णता लागते. तेच पाणी शून्यापासून उकळीपर्यंत आणायला लागते त्याच्या पाचपटीहून जास्त. पाणी संपेपर्यंत आतलं तापमान रेंगाळत राहतं. दाराच्या कडेची पट्टी उष्णतेनं फुगून फट बुजवते.

तरीही तिजोरीवरच्या स्टिकरांपैकी सर्वात कमी विश्वास मी आगीच्या स्टिकरवर ठेवेन. यूएलच्या आगीच्या चाचणीत भट्टी तासाभरात ९२७ अंश सेल्सिअसपर्यंत नेतात आणि आतलं तापमान १७७ अंशांच्या वर जाऊ द्यायचं नसतं. ही मर्यादा कागदासाठी आहे. बंदुकीच्या तिजोऱ्यांवरचे 'अर्धा तास', 'एक तास' हे दावे पुष्कळदा कंपनीनंच ठरवलेल्या, मवाळ आगीचे असतात. आणि काडतुसातल्या धूरविरहित दारूतलं नायट्रोसेल्युलोज १७० अंशांच्या आसपासच पेट घेऊ शकतं, म्हणजे कागद वाचला तरी काडतुसं वाचतीलच असं नाही. सुटं काडतूस पेटलं तर पितळी कवच फाटतं, गोळी फार वेगानं जात नाही. तेच काडतूस बंदुकीच्या नळीत असेल तर ती पुऱ्या जोरानं सुटते. चाप ओढणारं कोणी नसलं तरी.

आग लागली नाही तरी बंद तिजोरीची एक खोड उरतेच: तिच्यात दमटपणा कोंडतो. सिंधुदुर्गात, रत्नागिरीत किंवा गोव्यात रानडुकरं आणि माकडांपासून शेती राखायला परवान्याची काडतुसी किंवा ठासणीची बंदूक असलेली घरं आहेत. जुलैत तिथं उघड्या खुंटीवरची बंदूकही गंजते, मग पोलादी कपाटातली काय वाचणार? हवेतली आर्द्रता ६० टक्क्यांच्या वर गेली की गंज वेग घेतो. उपाय साधा आहे. तिजोरीच्या तळाशी मंद तापणारी विजेची कांडी ठेवतात. बाहेर २७ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असताना आतली हवा ३२ अंशांवर ठेवली, तर तेवढीच वाफ असूनही आर्द्रता ६४ टक्क्यांच्या आसपास उतरते. उरलेलं काम सिलिका जेलची पुडी आणि नळीवरचा तेलाचा हात करतो. फोमचं मऊ अस्तर असलेल्या पेटीत बंदूक महिनोन् महिने ठेवू नये. फोम ओल धरून ठेवतो.

चोर, आग, गंज यांच्याबद्दल लोक तासन् तास बोलतात. पण चोर एखाद्या वेळी येतो. मूल घरातच राहतं. अमेरिकेत २०२० पासून १ ते १९ वर्षांच्या मुलांच्या मृत्यूचं पहिलं कारण बंदूक हे आहे, आणि तिथल्या बंदुकीच्या एकूण मृत्यूंत निम्म्याहून अधिक आत्महत्या आहेत. २००५ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासात चार सवयी तपासल्या होत्या: बंदूक कुलपात, बंदूक रिकामी, काडतुसं वेगळी, काडतुसंही कुलपात. यातली प्रत्येक सवय मुलांना इजा होण्याचा किंवा त्यांनी स्वतःला इजा करून घेण्याचा धोका कमी असण्याशी जोडलेली आढळली. पुढच्याच वर्षी अलाबामाच्या ग्रामीण भागातला अभ्यास आला. बंदूक कुठं ठेवली हे मुलांना ठाऊक नाही, असं छातीठोक सांगणाऱ्या पालकांच्या दहापैकी जवळपास चार मुलांना ती जागा ठाऊक होती. डॅलसला किंवा शार्लटला राहणाऱ्या मराठी आईबापांनी मूल मित्राकडे खेळायला पाठवताना 'घरात बंदूक आहे का, कुलपात असते का' हे विचारावं. तिथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात, आणि यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

मुलांना बंदुकीपासून दूर ठेवायचं तर जाड पोलादापेक्षा कुलूप महत्त्वाचं, आणि स्वस्त पेट्या नेमक्या तिथंच हरतात. अनेक इलेक्ट्रॉनिक कुलपांत विजेच्या गुंडाळीनं मागं ओढली जाणारी एक छोटी खिटी असते. ती हलकी आणि तिची स्प्रिंग मऊ असेल, तर पेटी थोडी उचलून आपटली की खिटी क्षणभर उडते आणि त्याच क्षणी मूठ फिरवली की दार उघडं. अमेरिकी कुलूपतज्ज्ञ मार्क वेबर टोबायस यांनी २०१२ साली असल्या छोट्या पेट्यांचं पितळ उघडं पाडलं. काही तर लहान मुलाच्या हातूनही उघडत होत्या.

बोटाच्या ठशावर उघडणाऱ्या पेट्यांचा किस्सा याहून वाईट. ऑक्टोबर २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक-उत्पादन सुरक्षा आयोगानं अशा सुमारे ६१ हजार तिजोऱ्या परत मागवल्या जात असल्याचं जाहीर केलं. त्या कोणाचंही बोट लावलं की उघडू शकत, आणि मालकाला वाटे की आपला ठसा नोंदला गेला आहे. त्याआधी एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूचा दोषही अशाच एका तिजोरीवर ठेवला गेला होता. त्यामुळे अशी पेटी घरी आणली की ठसा न नोंदलेल्या घरातल्या प्रत्येकाचं बोट लावून पाहावं, तेही रिकाम्या पेटीवर. आकडी कुलूप असेल तर कारखान्यातून आलेला आकडा त्याच दिवशी बदलावा. नव्या आकड्यात वाढदिवस नको, तो मुलांना आधी सुचतो. बॅटरी संपली तर म्हणून दिलेली आणीबाणीची चावीही विसरू नये. ती कपाटावर किंवा टेबलाच्या खणात पडून असेल, तर आकडा कितीही लांबलचक असो, घरातलं खरं कुलूप तो खणच असतो.